काकांची रंगाची खोली : पाडायच्या आधी काय काय करून ठेवावं?

खाडीकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यात आमचं जुनं घर आहे. तळमजला, वर एक मजला, मागे विहीर आणि विहिरीला लागून कौलारू पडवी. या पडवीत माझे मोठे काका चाळीसहून जास्त वर्षं रंगकाम करत होते. दुकानांच्या पाट्या केल्या, गणपतीची मखरं केली, पण त्यांचा जीव नाटकाच्या पडद्यांत. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, समुद्र. हौशी मंडळं, शाळांची गॅदरिंगं, कोकणातल्या जत्रेतली नाटकं, सगळीकडे त्यांचे पडदे जायचे. मांजरपाट शिवून घ्यायचा, खळ द्यायची, सरसाच्या चिकट पाण्यात पावडरचे रंग कालवायचे आणि पडदा मागच्या अंगणात आडवा पसरून लांब दांड्याच्या कुंचल्याने उभ्याने रंगवायचा. आम्ही मुलं कडेला बसून बघायचो. पाय लावायचा नाही, एवढीच अट.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. घर पुनर्विकासाला दिलंय, सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. दिवाळी झाली की जागा रिकामी करायची. पुनर्विकासाबद्दल माझी तक्रार नाही. वरच्या मजल्यावरचे लोक पावसाळ्यात खोलीभर पातेली मांडून झोपतात. त्यांना पक्कं घर मिळायलाच हवं.

प्रश्न पडवीचा आहे. ती अजून काकांनी सोडली तशीच आहे. छपरात उत्तरेकडे काचेची चार कौलं आहेत, काकांनी स्वतः बसवून घेतलेली. सरसाचा डबा, गेरूत बुडवलेला दोरा, पत्र्याच्या पेटीत अक्षरांचे स्टेन्सिल, बांबूला गुंडाळलेले नऊ पडदे, वह्या, पावतीपुस्तकं. आणि दाराशेजारची भिंत. काका रंग बदलताना कुंचल्यातला जादा रंग या भिंतीवर पुसायचे. कमरेपासून खांद्यापर्यंत रंगावर रंग चढून जाड थर झाला आहे. एका ठिकाणी टवका उडालाय, तिथे चिरलेल्या कांद्यासारखे पदर दिसतात.

चुलतभावाचं म्हणणं, चित्रं आणि पडदे वाटून घेऊ, बाकी भंगारवाल्याला देऊ. त्यात त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही, कारण नवीन घरात पडवी नाही. काकू ८३ वर्षांच्या आहेत. त्या काहीच बोलत नाहीत, रोज संध्याकाळी पडवीत दिवा मात्र लावतात.

कलावंतांची घरं, स्टुडिओ जसेच्या तसे जपतात असं वाचते. आमचे काका काही नामवंत नव्हते. तरी ती खोली अशीच मोडून टाकावी असं मन घेत नाही. नक्की काय जपायचं असतं, आणि कसं? कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

शेंदरी_कुंचला | शनिवार, रात्री १०:२५

ताई, तुमची भिंत वाचून अंगावर काटा आला. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एक हकिगत सांगतो.

फ्रान्सिस बेकन नावाचा मोठा चित्रकार लंडनला ७, रीस म्यूज या पत्त्यावर १९६१ पासून राहायचा. स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरची लहानशी खोली. जमिनीवर कागद, फाटके फोटो, रंगाचे डबे यांचा घोटाभर खच. आणि तुमच्या काकांसारखाच तो भिंतींवर आणि दारावर रंग पुसायचा, तिथेच रंग जुळवून बघायचा. १९९२ मध्ये तो वारला. खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला १९९८ मध्ये दान मिळाली, कारण त्याचा जन्म डब्लिनचा. मग पुरातत्त्वाच्या उत्खननात काम करणारी माणसं बोलावली. गाडलेलं गाव उकरताना प्रत्येक खापर कुठे सापडलं ते नकाशावर टिपतात ना, तसं त्या खोलीतल्या प्रत्येक कागदाचं ठिकाण टिपलं. सात हजारांवर वस्तू निघाल्या. भिंती, दारं, जमीन, छत, इतकंच काय, तिथली धूळसुद्धा भरून डब्लिनला नेली आणि २००१ मध्ये ती खोली तिकडे जशीच्या तशी उभी केली.

मूळ जागेवर ती खोली राहिलेली नाही. तरी ती खोली आहे. तुमची जागा जाणारच आहे, म्हणून मुद्दाम हेच उदाहरण दिलं.

---

पाटीवाला | शनिवार, रात्री ११:०२

काचेच्या कौलांचा एक फोटो टाका ना. आमच्याकडेही होती.

---

नीरव_दुपार | रविवार, सकाळी ८:१५

मुलीकडे गेले होते तेव्हा अॅमस्टरडॅमला चित्रकार रेम्ब्रांटचं घर पाहिलं. त्याची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

त्याने हे घर १६३९ मध्ये घेतलं, पण झेपलं नाही. कर्ज थकत गेलं आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं. देणेकऱ्यांसाठी कोर्टाच्या माणसांनी घरात येऊन खोलीवार यादी केली. कुठल्या खोलीत कुठलं चित्र, कुठे शिंपले, कुठे शस्त्रं, कुठे प्लास्टरचे पुतळे, सगळं लिहून काढलं. नंतर सगळं विकलं गेलं, घरही गेलं. रेम्ब्रांटच्या वस्तू चारी दिशांना पांगल्या.

ते घर १९११ मध्ये संग्रहालय झालं. पुढे खोल्या त्याच्या काळासारख्या पुन्हा मांडायचं ठरलं तेव्हा आधार कशाचा घेतला? त्याच जप्तीच्या यादीचा. ज्या पंचनाम्याने त्याचं घर मोडलं, त्याच पंचनाम्यावरून साडेतीनशे वर्षांनी ते परत लागलं. मी त्या रंग खलायच्या टेबलापाशी उभी होते आणि मला सारखं त्या लिहिणाऱ्या कारकुनाचं नवल वाटत होतं.

म्हणून सांगते, ताई, आधी यादी. वाटणी नंतर. यादीला भाऊही नाही म्हणणार नाही.

---

सरळ_रेघ | रविवार, सकाळी ९:५०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. रेम्ब्रांट, बेकन ही जगाची माणसं. आपल्याकडे ठाण्यात एका खोलीत पाच माणसं राहतात. प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी करणारं होऊन गेलं. सगळ्यांच्या खोल्या जपल्या तर जिवंत माणसांनी राहायचं कुठे? चित्रं ठेवा, ती भिंतीवर लागतील, लोक बघतील. सरसाचा डबा ठेवून कुणाला काय मिळणार?

---

शेंदरी_कुंचला | रविवार, सकाळी १०:३०

@सरळ_रेघ, प्रश्न रास्त आहे. डब्याचं मात्र सांगतो. नाटकाचा पडदा सरसात कालवलेल्या रंगाने होतो. सरस गरम पाण्यात किती पातळ करायचा, हे प्रमाण चुकलं तर पडदा दोन वेळा गुंडाळला की रंग पापुद्र्याने गळतो, नाहीतर कापड पत्र्यासारखं ताठ होतं. हे प्रमाण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ते करणाऱ्याच्या हातात असतं, आणि हात गेल्यावर डब्याच्या आतल्या रेघेत उरतं. आता पडदे छापून येतात. ठाण्यात सरसाचा पडदा रंगवणारा आज मला तरी कुणी दाखवता येणार नाही.

चित्र बघून चित्र कळतं. ते कसं झालं हे खोलीत कळतं.

चित्रकार सेझानचा स्टुडिओ घ्या. फ्रान्समध्ये एक्सला गावाबाहेर त्याने १९०२ मध्ये बांधून घेतला. उत्तरेला भलीमोठी खिडकी, आणि भिंतीला एक उंच, अरुंद फट ठेवलेली. कशासाठी? शेवटच्या वर्षांत तो माणसापेक्षा उंच कॅनव्हास रंगवत होता, ते जिन्यावरून उतरत नव्हते. त्या फटीतून सरकवून बाहेर काढायचे. ही फट बघितल्यावर ती चित्रं किती मोठी होती ते पोटात कळतं. १९०६ मध्ये तो गेला. पुढे ती जागा विकली जाऊन तिथे इमारती उठणार असं झालं तेव्हा अमेरिकेतल्या चाहत्यांनी पैसे गोळा करून ती वाचवली, आणि १९५४ पासून ती लोकांना बघायला मिळते. फळीवर त्याच्या चित्रांतल्याच बरण्या आणि कवट्या अजून आहेत.

---

झोपाळा_अलिबाग | रविवार, दुपारी १:१०

परदेशातलं झालं, आता आपल्या खाडीपलीकडचं सांगतो. अलिबाग तालुक्यात मांडव्याहून किहीमकडे जाताना सासवणे लागतं. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं राहतं घर आहे, करमरकर शिल्पालय. नवी मुंबईकरांनी वडखळवरून गाडीने जावं, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावं. सकाळी निघून संध्याकाळी परत.

करमरकर १८९१ चे, याच गावचे. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते तिथले कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईला जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुढे कलकत्ता झालं, विलायत झाली. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, एवढा मोठा पुतळा एकसंध ओतलेला. १९६४ मध्ये पद्मश्री मिळाली, १९६७ मध्ये गेले.

पण सासवण्याला गेल्यावर हे सगळं विसरायला होतं. तिथे माणसं भेटतात. कोळीण, गावातल्या बाया, पोरं. आणि बसलेली म्हैस. सिमेंटची आहे. माझा नातू चार वर्षांचा होता, तो तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि थबकला, ती उठेल म्हणून. घरात फिरताना लक्षात येतं की हा माणूस लंडन पाहून आला आणि आपल्या वाडीतली म्हैस घडवत बसला. संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीसमोर तीच म्हैस ठेवली असती तर चांगलं शिल्प म्हणून पुढे गेलो असतो. तिथे झाडाखाली ती घरची वाटते.

घरच्यांनी ते टिकवलं, हे विशेष. खाऱ्या हवेत सिमेंट आणि प्लास्टर राखणं सोपं नाही.

---

जुना_डोंबिवलीकर | रविवार, दुपारी २:३५

आपल्या जिल्ह्यातलं कसं विसरलात? डोंबिवलीला भाऊ साठे यांचं शिल्पालय आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९६१ चा. कल्याणचे भाऊ. २०२१ मध्ये गेले. सदाशिव साठे म्हटलं की बाहेरच्यांना कळतं, आम्हाला भाऊच. रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्यांना गेटवेचा पुतळा माहीत असतो, पण तो घडवणाऱ्याची शिल्पं आपल्याच स्टेशनाला उतरून बघता येतात हे माहीत नसतं. जायच्या आधी वेळ विचारून जा.

ठाण्याचं मला नेहमी वाटतं की इथे आपण कलावंतांची नावं नाट्यगृहांना आणि रस्त्यांना देतो, त्यांची जागा मात्र ठेवत नाही. गीतकार पी. सावळाराम इथले, गायक राम मराठे इथले. त्यांची बसायची खोली, पेटी ठेवायचा कोनाडा, काही दाखवता येईल का नव्या मुलांना?

---

सेक्टर_आठ | रविवार, रात्री ९:२०

मी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये राहतो. हा धागा वाचून गप्प बसवेना.

आमच्या वसाहतीचं नावच कलाकारांचं. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ या काळात ती आखली. सात घरांचा एक गोतावळा, मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गोतावळे मिळून आणखी मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा यांच्या जागेत फार फरक नाही. दोन घरांत भिंत सामायिक नाही, आपापलं घर वाढवता यावं म्हणून. उतरती कौलं, पांढऱ्या भिंती, मागे पारसिकचा डोंगर. बाबांनी घर घेतलं तेव्हा आमच्या अंगणात एक मूर्तिकार होते. गणपतीच्या आधी दोन महिने अख्ख्या गोतावळ्यात शाडूचा वास. आम्ही मुलं त्यांना उंदीर करून द्यायचो.

आता बहुतेकांनी कौलारू घरं पाडून तीन-तीन मजले चढवलेत. आम्हीही एक मजला वाढवला, दोन भावांचे संसार मावेनात. बाहेरगावचे वास्तुकलेचे विद्यार्थी नकाशा घेऊन येतात, मूळ घर शोधत फिरतात आणि हिरमुसतात. त्यांना सांगावंसं वाटतं की घरं वाढावीत हाच तर कोरियांचा विचार होता. वाढलेल्या घरात त्यांचा हात नाही असं कसं म्हणायचं?

तरीही माझ्या मनात दोन वर्षांपासून एक गोष्ट आहे. पहिल्या बांधणीची जी थोडी घरं राहिलीत, त्यातलं एक सिडकोने किंवा पालिकेने रीतसर विकत घेऊन उघडं ठेवावं. आत त्या वसाहतीचे नकाशे, आमच्या लोकांचे जुने फोटो, त्या मूर्तिकारांचे साचे. नवी मुंबई १९७० नंतरची, इथे वाडे नाहीत. आमचा वारसा चाळीस वर्षांचा आहे. तो शंभर वर्षांचा होईपर्यंत थांबलो तर जपायला काही उरणार नाही.

---

सरळ_रेघ | रविवार, रात्री १०:०५

@सेक्टर_आठ, हे मला पटलं. एक घर, सगळ्यांच्या वतीने. आणि राहणाऱ्याला पूर्ण मोबदला देऊन. याला माझी सही घ्या.

---

जुनं_कापड | सोमवार, सकाळी ७:४५

खाडीकाठ ताई, मी जुन्या कापडांच्या आणि कागदांच्या जतनाचं काम करते. घाईत कामाचं तेवढं लिहिते, कारण दिवाळी लांब नाही.

काहीही हलवायच्या आधी फोटो. दारात उभं राहून चारी भिंती, मग प्रत्येक फळी, मग प्रत्येक वस्तू. फोटोत एक फूटपट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. वस्तूला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, आकडा मऊ पेन्सिलीने लिहा. सेलोटेप कुठेच नको, त्याचा चिकटा पिवळा होऊन कागद खातो.

पडद्यांना पाणी दाखवू नका. सरसातला रंग पाण्याने सुटतो, ओलं फडकं एकदा फिरलं की समुद्र गेला. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, एका दिशेने, अगदी हलक्या हाताने. बांबूवरून काढलेत तर रुंद पाइपावर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंग दबून चुरतो. पाइपावर आधी धुतलेलं पांढरं मांजरपाट, वरूनही तेच. प्लास्टिकमध्ये बांधू नका. आपल्या दमट हवेत प्लास्टिकच्या आत घाम धरतो आणि बुरशी येते. जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी जमिनीतून येते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. घडी तर कधीच नको, घडीवरच रंग तुटतो.

भिंतीचं मात्र कृपा करून स्वतः काही करू नका. थर काढता येतो, पण पाट्यांचा तेलरंग आणि पडद्यांचा सरसाचा रंग एकावर एक असणार. दोघांची प्रकृती वेगळी आहे, जे एकाला चालतं ते दुसऱ्याला मारतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो घेऊन जा आणि विचारा. जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी भिंतीचे जवळून, सगळ्या उंचीचे, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडातले फोटो तुमच्याकडे असतील.

आणि हे सगळं काकूंना शेजारी बसवून करा. प्रत्येक वस्तूला त्या काय म्हणतात ते लिहा. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या वस्तूंचं नाव सांगणारं माणूस गेलेलं असतं.

---

नीरव_दुपार | सोमवार, सकाळी ११:२०

+१. काकूंचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

---

पावती_क्रमांक | सोमवार, दुपारी ३:००

कागदोपत्री बाजू मांडतो, कारण घरं इथेच अडतात.

ज्या जागा टिकल्या त्यांच्या मागे बहुतेक ठिकाणी एक कागद आहे. शिल्पकार ब्रांकुसीने १९५६ मध्ये पॅरिसमधला आपला स्टुडिओ फ्रेंच सरकारच्या नावे लिहून दिला, अट अशी की मी मरेन तेव्हा जसा असेल तसाच मांडायचा. त्याला आपल्या शिल्पांची आपसातली जागा इतकी महत्त्वाची वाटायची की एखादं विकलं गेलं तर त्याच जागी तो प्लास्टरची प्रत ठेवायचा. पुढल्याच वर्षी तो गेला. १९९७ मध्ये तो स्टुडिओ पॉम्पिदू केंद्रासमोर नव्या इमारतीत उभा केला गेला. अमेरिकेत जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग शिंपडणारा चित्रकार जॅक्सन पोलॉक १९५६ मध्ये अपघातात गेला. त्याची बायको ली क्रास्नर स्वतः मोठी चित्रकर्ती, तिने मृत्युपत्रात घर आणि स्टुडिओ संस्थेकडे सोपवला. १९५३ मध्ये त्यांनी लाकडी जमिनीवर नवे तक्ते ठोकले होते. ते उखडले तेव्हा खाली पोलॉकच्या प्रसिद्ध चित्रांचे शिंतोडे जसेच्या तसे निघाले. आता लोक पायात मऊ सपाता घालून त्या जमिनीवरून चालतात.

आपल्याकडे कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे यांनी हयातीतच राजारामपुरीतलं आपलं घर चित्रांसकट शासनाला दिलं, आज ते शासकीय संग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत सगळ्यांना आठवतात, त्यांची निसर्गचित्रं तिथे जाऊन बघा. कलकत्त्यात चित्रकार जामिनी रॉय यांचं बालीगंजचं घर २०२३ मध्ये एका कलासंस्थेने कुटुंबाकडून विकत घेतलं, संग्रहालयासाठीच.

तुमच्यासाठी सांगायचं तर, यादीवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. कुठली वस्तू कुणाकडे राहील ते लिहा, आणि ‘पुढे कुठे एकत्र मांडायची झाल्यास देऊ’ एवढं एक वाक्य घाला. आणखी एक, चित्रावरचा कॉपीराइट आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्र विकलं म्हणजे तो हक्कही गेला असं नाही. वह्या कुणाला छापायला देताना हे लक्षात असू द्या.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला अख्खा धागा वाचून दाखवला. रेम्ब्रांटच्या यादीपाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘रविवारी बसू.’

एक अडचण विचारते. पेटीत काकांची खाजगी पत्रं आहेत. ती वाचायची का?

---

नीरव_दुपार | मंगळवार, सकाळी ८:३०

मेक्सिकोतल्या चित्रकार फ्रिडा कालोचं निळं घर १९५८ पासून लोकांसाठी उघडं आहे. पण तिच्या नवऱ्याच्या, दिएगो रिव्हेराच्या इच्छेप्रमाणे एक न्हाणीघर कुलूपबंद ठेवलं होतं. त्याने सांगितली होती १५ वर्षं. ते उघडलं २००४ मध्ये. तिचे कपडे, तिचे कमरेचे पट्टे, कागद, सगळं आत होतं. म्हणजे जपणं आणि दाखवणं एकाच दिवशी करावं लागत नाही. पत्रं बांधून काकूंकडे द्या. उघडायची की नाही ते त्या ठरवतील.

---

झोपाळा_अलिबाग | मंगळवार, सकाळी ९:१२

अगदी बरोबर.

---

खाडीकाठ | पुढच्या आठवड्यात, सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, रविवारी आम्ही सहा जण सकाळी आठला बसलो ते दिवेलागणीला उठलो. २३१ वस्तूंची यादी झाली. अजून वह्या बाकी आहेत.

पहिला तासभर काकू नुसत्या बघत होत्या. भाऊ म्हणाला, ‘क्रमांक १४, लाकडी पट्टी.’ तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. ‘ती पट्टी नाही, तो हातटेका. बारीक अक्षर काढताना मनगट त्याच्यावर ठेवायचे.’ मग थांबल्याच नाहीत. आम्ही ज्याला फुटकी बरणी लिहिलं होतं ती हिरव्याची बरणी निघाली, जंगलाच्या पडद्यासाठी निराळा हिरवा लागायचा तो त्या स्वतः खलून द्यायच्या. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सरसाचं प्रमाणही त्यांनीच सांगितलं, वाटीने नाही, थेंबाने. गरम सरसाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं उघडायची, तार किती लांब जाते ते बघायचं. पाकासारखं. पडद्याला अर्धी बोटभर, मखराला त्याहून कमी. शेंदरी_कुंचला सर, तुमच्यासाठी हे रेकॉर्ड करून ठेवलंय.

चार वाजता काचेच्या कौलांतून उजेड भिंतीवर आला. भाचीने भिंतीचे फोटो घ्यायला सुरुवात केली, खालून वर, एकेक वीत. काकू खुर्ची ओढून समोर बसल्या आणि टवका उडालेल्या जागी बोट न लावता दाखवत गेल्या. हा वरचा पिवळा शेवटच्या मखराचा. त्याच्या आतला राखाडी शाळेच्या गॅदरिंगचा, तेव्हा यांना ताप होता. त्याच्या आत निळा. तो समुद्र. त्या पडद्याचे पैसे मिळाले नाहीत, मंडळ बुडलं, तरी पडदा त्यांनी परत मागितला नाही. त्याच्या आत गुलाबी. तिथे त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, हा आपल्या लग्नाच्या मांडवाचा.

यादीत भिंतीचा क्रमांक २३२ टाकला आहे आणि समोर काकूंनी सांगितलेले सतरा थर लिहिले आहेत. संवर्धन केंद्रात फोटो घेऊन गुरुवारी जातो आहोत. काचेची चारही कौलं भाऊ स्वतः उतरवणार आहे. नव्या घराच्या बाल्कनीत ती कुठे बसतील याचं माप त्याने कालच आर्किटेक्टला विचारलं.

घर रिकामं करायच्या आधीचे दोन रविवार पडवी उघडी ठेवायचं ठरवलंय, सकाळी ९ ते १२. पडदे आम्ही उलगडणार नाही, जुनं_कापड ताईंनी सांगितल्यावर धीर होत नाही, पण एक समुद्राचा जेमतेम हातभर उघडून ठेवू. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा, पत्ता कळवते. काकूंनी विचारलंय की किती जण येतील, चहाला दूध किती घ्यायचं.

---

सेक्टर_आठ | सोमवार, रात्री ११:०५

आम्ही बेलापूरहून चौघं. आमच्या अंगणातल्या मूर्तिकारांच्या मुलालाही आणतो. वडिलांचे साचे माळ्यावर आहेत म्हणाला, यादी कशी करतात ते त्याला बघायचंय.

---

सरळ_रेघ | सोमवार, रात्री ११:२०

मी एकटाच येतो. चहा बिनसाखरेचा.